छपराले टिन पाहिजे

...अन् वरून लोक मले म्हणतेत, देवरावजी, तुमचं काय जाते, नुसतं तोंडानं तं मागाचं आहे! तोंडानं. सांगतो तुम्हाले, पहिले चप्पल दाराबाहेर काढा, मंग कुत्र्याले चुचकारा, मंग घरातल्या शेंबड्या पोराकडे पाहून 'अगदी बाबावर गेला' म्हणा, मंग आजीच्या गुडघ्याची चौकशी करा, त्या गुडघ्याचा सगळा इतिहास ऐका, अन् मंग कुठं तोंडाचा नंबर लागते, तं तोंड उघडाच्या आधीच समोरचा म्हणते, 'या महिन्यात जरा ओढाताण आहे, देवरावजी'. पहिले पहिले लय लागे जी मनाले. घरी आलो का घास उतरत नव्हता. आता? आता मले काहीच वाटत नाही. दाताचा डॉक्टर सुई टोचते तं गाल कसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच्या सगळा झालो आहो. चिमटा घेऊन पाहा. नाही, खरंच घ्या, लाजू नका.

मी काही जन्माचा मागणारा नाही. माहा बाप कोष्टी, हातमागावर लुगडी विणे, कोणाच्या दारात कधी गेला नाही, गिऱ्हाईक दारात येत होतं. मी दहावीपर्यंत शिकलो, शाळेत क्लार्क झालो, हेडक्लार्क झालो, सुखात होतो. अन् हे मंडळाचं भूत कसं लागलं म्हणता? आमच्या साहेबानं एका मीटिंगले नेलं. मंडळाचं नाव ऐका: 'युवक, माजी सैनिक व आदिवासी सहाय्यक मंडळ'. नाव पुरं सांगेपर्यंत देणाऱ्याचा विचार बदलून जाते. तं मीटिंग चालू होती, उन्हाळा होता, पंखा बंद पडला. मी बटण पाहाले उठलो. त्याच टायमाले अध्यक्षसाहेबांनी, ते सिव्हिल लाईन्सचे, शुद्ध बोलतेत, त्यायनं विचारलं होतं, 'निधी संकलनाची धुरा कोण स्वीकारतो?' अन् मी उभा. टाळ्या झाल्या जी. एवढ्या टाळ्या का मी लाजून खालीच बसलो, तं त्यायनं त्याले विनय म्हटलं. पंखा आजही बंदच आहे.

आता मंडळ करते काय? सक्करदऱ्याले एका भाड्याच्या घरात आमचं बोर्डिंग आहे. तिथं धानोऱ्याकडले गोंडाचे पोट्टे राहतेत, शिकाले. म्हणजे युवक झाले, आदिवासी झाले. त्यायच्यावर वॉर्डन म्हणून हवालदार कवडू मडावी, एकाहत्तरच्या लढाईतून आलेला माणूस, तोही गोंडच. म्हणजे माजी सैनिक झाला. एका छपराखाली तिन्ही बसले. फक्त छप्परच नव्हतं. जुनी कवेलू, म्हणजे कौलं, अर्धी फुटलेली, माकडं नाचून गेली का उरलेली फुटत. श्रावणात आत पाऊस अन् बाहेर पाऊस, फरक एवढाच का आतल्या पावसाले कवडू गंज, म्हणजे मोठं पातेलं, लावून ठेवे. पोट्टे रात्रभर अंथरूण घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, हातमागाचा धोटा कसा इकडून तिकडे जाते, तसे. म्हणून छपराले टिन पाहिजे होते. एवढंच. मले काही ताजमहाल नव्हता बांधाचा.

तं निघालो मी चंदा मागाले. पहिले गेलो इतवारीत, ईश्वरदास सेठच्या कपड्याच्या दुकानात. सेठ बहुत प्रेमळ. 'आओ देवरावजी, बैठो, ए, चाय ला, मलाई मार के.' मलाई मारून चहा पिलो. सगळं सांगितलं. सेठ डोळे मिटून ऐकते, अन् म्हणते, 'देखो, फौजी के लिए तो अपनी जान हाजिर है. पण हे जवान पोट्टे कायले घुसवले तुम्ही यात? जवान लडके को चंदा दोगे तो वो काम काहे को करेगा?' झालं. तिथून गेलो धरमपेठेत, एक वकीलसाहेब आहेत. ते म्हणतेत, 'युवकांसाठी केव्हाही, देवराव. युवक म्हणजे उद्याचा भारत. पण सैनिकांना सरकार पेन्शन देतं ना? मग दोनदा कशाला?' तिथून कन्हानले, एक खाणीचा ठेकेदार. तो म्हणते, 'आदिवासी के लिए ले जाओ. मगर त्यायले शहरात आणून बिघडवता काहून?'

पाहा तुम्ही. प्रत्येकाले तिघातला एक आवडते, अन् उरलेले दोघं त्या एकाच्या आड येतेत. मी कवडूले अर्धा कापून देऊ काय, अर्धा सैनिक सेठले अन् अर्धा गोंड ठेकेदाराले? घरी येऊन मी कुसुमले, माह्या बायकोले, सांगितलं. ती म्हणते, 'ज्याले जे आवडते तेच सांगा ना त्याले, बाकीचं पोटात ठेवा.' पटलं मले. सेठकडे गेलो तं सैनिक, वकिलाकडे गेलो तं युवक, कन्हानले आदिवासी. थोडं थोडं येऊ लागलं. अन् मंग ते तिघं एका लग्नाच्या पंगतीत शेजारी शेजारी बसले.

वाढपी माह्या ओळखीचा, त्यानंच सांगितलं मले. सेठ म्हणते, मी देवरावले फौजीसाठी दिले. वकील म्हणते, छे छे, तो युवकांसाठी मागतो. ठेकेदार म्हणते, मले तं आदिवासी म्हणाला. बासुंदी येईपर्यंत ठरून गेलं का देवरावनं तीन संस्था काढल्या अन् तिन्हीचे पैसे एकाच खिशात जातेत. दुसऱ्या दिवसापासून मी गल्लीत शिरलो का दारं लागत. दारामागून आवाज येई, 'सांग घरी कोणी नाही.' अन् पोरगं बाहेर येऊन सांगे, 'बाबा म्हणतेत घरी कोणी नाही.' मी म्हणे, 'बरं, बाबाले नमस्कार सांग.' मले आता काहीच वाटत नाही, पण तेव्हा थोडं थोडं वाटे.

अन् जे द्याले तयार होते ते काय देत होते? काटोलले गेलो हिवाळ्यात. एका बागवाल्यानं मले मिठी मारली, म्हणे माझा भाऊ फौजेत आहे, खाली हात कसा जाऊ देऊ, अन् दिली दोन पोती संत्री. आंबट! एसटीच्या टपावर चढवली, कंडक्टरनं सामानाच्या तिकिटाचे पैसे माह्याकडून घेतले, बोर्डिंगात नेली, पोट्ट्यायनं खाल्ली अन् आठवडाभर कोणाचे दात पोळीले लागत नव्हते. तेव्हा मले समजलं, मागणाऱ्याले माणूस तेच देते जे त्याले घरातून काढाचं राहते. फुटकी घागर, तीन पायाचा स्टूल, मेलेल्या आजोबाचा चष्मा. नाही कसं म्हणाव? घेऊन येई मी. कुसुम म्हणे, 'हे घर होय का मोडीची वखार?'

मंग आला तो श्रावण. पोळा आठ दिवसांवर, अन् बोर्डिंगात एका पोट्ट्याले न्युमोनिया. मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात नेलं, वाचला तो. पण अध्यक्षसाहेबांनी मीटिंग घेतली. म्हणाले, 'पोळ्यानंतरच्या रविवारी अंतिम निर्णय घेऊ. तोवर छपराची सोय झाली नाही, तर वसतिगृह बंद. मुलांना सन्मानाने घरी पाठवू.' सन्मानानं म्हणजे कसं, ते विचाराची माही हिंमत झाली नाही. बाहेर पायरीवर कवडू उभा होता. तो बोलत नाही जास्त. मी सांगितलं तं तो गंजातलं पाणी फेकत एवढंच म्हणाला, 'पोट्टे एकदा गेले का येत नाहीत जी. बाप जंगलाच्या कामाले लावते, मंग लगीन लावते. मंग झालं.'

हे ऐकून मले काहीतरी वाटाले पाहिजे होतं. मी थांबलो तिथं. वाट पाहिली, आता वाटन, मंग वाटन. काहीच नाही. सुईच टोचलेली. पण पाय चालत होते, तं गेलो पुन्हा दारोदार, अन् पुन्हा दारं लागली, अन् पोळा दोन दिवसांवर आला.

आता तुमच्यात कोणी पुण्याबिण्याचं बसलं असन तं सांगून ठेवतो. आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. एक पिवळी, एक काळी, भल्या मोठ्या बाया, कागदाच्या अन् बांबूच्या. लोक ओरडतेत, ईडा पीडा घेऊन जाय वं मारबत. अन् मागून बडग्ये निघतेत. बडग्या म्हणजे पुतळा, वर्षभर लोकायले ज्यानं ज्यानं छळलं त्याचा. महागाईचा बडग्या, रॉकेलचा बडग्या, एखाद्या पुढाऱ्याचा. गावभर मिरवाचा, शिव्या द्याच्या अन् शेवटी जाळून टाकाचा. म्हणजे पीडा गेली. अन् एक नेम आहे: मारबतीसंगं जे गेलं ते घरी परत आणाचं नाही. सुतळीसुद्धा नाही.

तं आमच्या मोहल्ल्यात बडग्याचा कारभार बाबूलालकडे. त्याचा कोपऱ्यावर पानठेला. त्या दिवशी संध्याकाळी बाबूलाल चार जणांले घेऊन माह्या दारात उभा. 'देवरावभाऊ, बडग्याचा चंदा.' सांगतो तुम्हाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदा माह्या दारात कोणी मागाले आलं होतं, अन् मी आतल्या बाजूले उभा होतो. काय हवा लागते जी आतल्या बाजूनं! मी खुर्चीवर बसलो. म्हटलं, 'बाबूलाल, या महिन्यात जरा ओढाताण आहे.' हे तोंडातून आपोआप आलं. मंग म्हटलं, 'अन् असं मागत नाहीत गा. पहिले पाणी मागाव. पाणी दिलं का माणूस अर्धा आपला होते.' बाबूलाल म्हणते, 'बरं भाऊ, पाणी द्या.' पाणी दिलं. अन् पाणी दिल्यावर मलेच वाटलं, काहीतरी द्याव. तं उठलो, खुंटीवरचा माहा जुना काळा कोट काढला, चंदा मागाले घालून जात होतो तोच, अन् दिला. म्हटलं, 'पैसे नाहीत, हा ने. बडग्याले घालजो.' बाबूलालनं कोट पाहिला, माह्याकडे पाहिलं, त्या चौघांकडे पाहिलं. चौघंही खाली पाहून राहिले होते. मी समजलो, गहिवरले.

ते गेल्यावर कुसुम म्हणते, 'बडग्या कोणाचा, ते तं विचाराचं.' मी म्हटलं, 'मागाले आलेल्याले इतकं खोदून विचारू नये वं. किती लागते मनाले, ते मले माहीत आहे.'

मारबतीच्या दिवशी आम्ही दोघं महाल भागात एका दुकानाच्या पायरीवर उभे. पिवळी गेली, काळी गेली, महागाई गेली, रॉकेलवाला गेला. अन् मंग कोपऱ्यावरून माहा कोट वळला.

पहिले मले कोटच दिसला. म्हटलं, वा, बसला अंगाले. मंग चष्मा दिसला, काडीले दोरा बांधलेला, मीही तसाच बांधतो. मंग दिसलं का ह्याले तीन हात आहेत. तीन हातात तीन डबे, वर रंगानं लिहिलं होतं, एकावर युवक, एकावर सैनिक, एकावर आदिवासी. मागून एक पोरगा दोरी ओढे तं त्याची मान अशी खाली लवे, अश्शी, मले करून दाखवता येते, माहीच आहे. अन् लोक ओरडून राहिले होते, 'चंदेवाल्याची ईडा पीडा घेऊन जाय वं मारबत!' कुसुमनं माही बाही धरली. 'चला घरी,' म्हणे. पण लोकायनं मले पाहिलं होतं. खरा इथं उभा अन् खोटा तिथं चाललेला, अशी मजा कोण सोडते? काही जणांनी तं दोघांलेही नमस्कार केला.

वाईट वाटलं काय म्हणता? नाही. मी पोटात शोधून पाहिलं. मले काहीच वाटत नव्हतं. मी फक्त पाहून राहिलो होतो, अन् पाहता पाहता एक गोष्ट झाली. ईश्वरदास सेठ गॅलरीत उभे होते. ते हसत हसत ओरडले, 'लो देवरावजी, फौजी के लिए!' अन् वरून टाकले पैसे, सैनिकाच्या डब्यात. लोकायनं टाळ्या वाजवल्या. मंग काय जी, चढाओढ लागली. खालून कोणी ओरडलं, मी आदिवासीले देतो. पोट्टे युवकच्या डब्यात टाकून राहिले. ज्या बाईनं माह्या तोंडावर दार लावलं होतं ती पदराची गाठ सोडून पुढं आली. ज्याले जे आवडते त्याच डब्यात, दुसरे दोघं आड यायचा प्रश्नच नाही. अन् बडग्या नुसता मान लववून राहिला. मी इतकी वर्षं कुठं चुकलो ते मले त्या दिवशी समजलं. मी तोंड उघडत होतो.

संध्याकाळी नदीकडे नेले बडग्ये जाळाले. मीही गेलो मागं मागं. कवडू तिथंच होता, पोट्ट्यांले गंमत दाखवाले आणलं होतं त्यानं, पण त्याचं लक्ष बडग्याकडे नव्हतं, डब्यांकडे होतं. बाबूलाल रॉकेल शिंपडून राहिला होता. डबे तसेच, हातातच. कोणी हात लावत नव्हतं. पीडेचा पैसा, कोण घेईल? राखेत वितळून जाईल, नाहीतर नदीत जाईल.

मी पुढं गेलो. बाबूलाल मले पाहून गोरामोरा झाला. 'माफ करा देवरावभाऊ, गंमत होय.'

म्हटलं, 'गंमत राहू दे. डबे दे.'

'तसं नाही करत भाऊ. मारबतीसंगं गेलेलं परत नाही नेत. जो उचलते, त्याच्या मागं वर्षभर पीडा लागते.'

मी म्हटलं, 'बाबूलाल, ती पीडा मीच होय ना? मी मले काय लागीन?'

एवढ्या गर्दीत कोणी हसलं नाही. बाबूलालनं रॉकेलची बाटली खाली ठेवली अन् स्वतः एक एक डबा काढून माह्या हातात दिला. मंग काडी लावली. पहिले कोटच पेटला. चांगला कोट होता, कोपरावर थोडा झिजला होता. मान शेवटपर्यंत लवून राहिली. माह्या डोळ्यातून पाणी आलं जी तेव्हा. धूर होता. कुसुम म्हणते, धूर दुसरीकडे जाऊन राहिला होता. आता ती म्हणते तं असन.

पण डबे तिनं घरात येऊ दिले नाहीत. 'पीडा उंबरठ्याच्या आत नाही,' म्हणे. कवडूनं ते उचलले. म्हणाला, 'बोर्डिंगात चालते जी. तिथं पीडेले छपरातून येता येते, दाराची गरज नाही.' अन् गेला, तीन डबे घेऊन, परेडमध्ये गेल्यासारखा.

रविवारी मीटिंग. अध्यक्षसाहेब म्हणाले, 'हा तत्त्वाचा प्रश्न आहे. अशुभ निधी मंडळाने स्वीकारावा का?' त्यावर दोन घंटे चर्चा झाली. एक म्हणे गंगाजल शिंपडा. एक म्हणे पावती कोणाच्या नावानं फाडाची? शेवटी बाहेर असा पाऊस सुरू झाला, अन् मीटिंग बोर्डिंगातच होती, तं अध्यक्षसाहेबांच्या बरोबर टकलावर थेंब पडला. दुसरा थेंब पडाच्या आत ठराव मंजूर. टिन चढले जी. दसऱ्याच्या आत चढले. एकही पोट्टा परत गेला नाही. पहिल्या पावसात टिनाचा इतका आवाज आला का पोट्टे झोपले नाहीत, पण कोरडे जागले. कवडूनं मले बोलावून नेलं, फक्त आवाज ऐकाले. ऐकला मी. चांगला होता.

अन् मंग आभाराचा ठराव झाला. सेठचे आभार, वकिलाचे आभार, बाबूलालचे विशेष आभार. अन् सर्वानुमते ठरलं, का पुढच्या वर्षी बोर्डिंगाच्या भिंती पक्क्या कराच्या आहेत, तं देवरावांनी दारोदार जाऊ नये, त्यायले पाहून लोक दार लावतेत, त्यापेक्षा बडग्याच काढावा, पण मोठा, दुमजली, सोबत बँड, हात हलले पाहिजेत, डबे पितळी. मी म्हटलं, चांगलं आहे, सुटलो. तेवढ्यात खजिनदार म्हणाला, पण एवढ्या मोठ्या बडग्याले बांबू, कागद, रंग, बँड, खर्च येईल, तो निधी कोण जमवणार? सगळ्यायनं फक्त माह्याकडे पाहिलं.

म्हणून आलो जी आज तुमच्याकडे. मले काहीच वाटत नाही, तुम्हीही वाटून घेऊ नका. माहाच बडग्या आहे, माह्याच हातानं चंदा मागून राहिलो. पहिले थोडं पाणी द्या. अन् पोळा झाल्यावर पाहू, असं तेवढं म्हणू नका. पोळा झाल्यावर मी जळून गेलेला राहीन.